समजून घेणाऱ्याची जबाबदारी : पॅट बार्कर यांची युद्धत्रयी

१

युद्धावरील एखादी कादंबरी अवश्य वाचावी, असे कोणी सुचवतो तेव्हा त्यामागे बहुधा तीनांपैकी एक कारण असते. तिच्यामुळे इतिहास कळतो. रणभूमीवर प्रत्यक्ष वावरल्यासारखा अनुभव येतो. किंवा माणसाविषयीची करुणा जागी होते. ही तिन्ही कारणे प्रामाणिक आहेत. परंतु तिन्हींमध्ये एक अडचण दडलेली आहे. इतिहास कळतो तो शेवट आधीच ठाऊक असलेल्या वाचकाला. अनुभव मिळतो तो घरात सुरक्षित बसलेल्याला. करुणा जागी होते ती अशा माणसांविषयी, की ज्यांच्यासाठी आता काहीही करणे शक्य नाही. म्हणजे ज्ञान, रोमांच आणि करुणा या तिन्ही गोष्टी वाचकाला किंमत न मोजता मिळतात.

करुणरसापासून आनंद कसा होतो, हा संस्कृत साहित्यशास्त्रातील जुना प्रश्न मराठी समीक्षेने अनेकदा हाताळला आहे. साधारणीकरणाच्या आधारे त्याचे एक उत्तरही दिले जाते : व्यक्तीचे व्यक्तिपण गळून पडते आणि शोकाचे आस्वादात रूपांतर होते. ऐतिहासिक युद्धकादंबरीच्या बाबतीत मात्र हे उत्तर पुरेसे समाधान देत नाही; कारण तेथे मेलेली माणसे खरोखरच मेलेली असतात. त्यांना नावे होती, त्यांच्या घरी तारा गेल्या होत्या. त्यांचे व्यक्तिपण गळून पडणे हे कलेच्या दृष्टीने कितीही इष्ट असले, तरी त्यांच्या दृष्टीने तो दुसरा मृत्यू ठरू शकतो.

इंग्रज कादंबरीकार पॅट बार्कर यांची पहिल्या महायुद्धावरील कादंबरीत्रयी या प्रश्नाच्या संदर्भात विशेष महत्त्वाची ठरते. 'रीजनरेशन' (१९९१), 'द आय इन द डोअर' (१९९३) आणि 'द घोस्ट रोड' (१९९५) अशा या तीन कादंबऱ्या. तिसरीला १९९५ चे बुकर पारितोषिक मिळाले. या त्रयीची शिफारस केवळ तिच्यातील माहितीसाठी, थरारासाठी किंवा करुणेसाठी करणे म्हणजे तिला कमी लेखणे होईल. ती वाचावी याचे खरे कारण वेगळे आहे. दुसऱ्याचे दुःख समजून घेणारा माणूस त्या दुःखाच्या बाबतीत निर्दोष असतो का, हा प्रश्न ती विचारते. आणि तो विचारताना वाचकालाही त्यातून सूट देत नाही.

२

त्रयीच्या केंद्रस्थानी सैनिक नाही, डॉक्टर आहे, ही पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स (१८६४-१९२२) ही ऐतिहासिक व्यक्ती. मज्जासंस्थेचे अभ्यासक, मानसशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ अशा तिन्ही नात्यांनी त्यांनी काम केले. भारतीय वाचकाला त्यांचे नाव निलगिरीतील तोडा जमातीवरील १९०६ च्या ग्रंथामुळे परिचित असण्याचा संभव आहे. महायुद्धाच्या काळात एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात ते मनाने कोसळलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करीत होते. तोफगोळ्यांच्या माऱ्याखाली महिनोन्‌महिने काढल्यावर कोणाची वाचा गेलेली, कोणाचे पाय लुळे पडलेले, कोणाला रोज रात्री तेच स्वप्न पडणारे, असे हे रुग्ण. रिव्हर्स यांची उपचारपद्धती त्या काळाच्या मानाने अत्यंत मानवी होती. जे भोगले ते विसरण्याचा प्रयत्न करू नका, ते आठवा, बोला, त्याच्याशी सलोखा करा, असे ते रुग्णांना सांगत. युद्धानुभवाच्या दमनावरील त्यांचा निबंध १९१८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

या रुग्णालयात १९१७ च्या जुलैमध्ये कवी सीगफ्रिड ससून दाखल झाला. शौर्यपदक मिळवलेल्या या अधिकाऱ्याने एक जाहीर निवेदन प्रसिद्ध केले होते. स्वसंरक्षणासाठी सुरू झालेले युद्ध आता आक्रमणाचे झाले आहे आणि ज्यांना ते थांबवता येईल तेच ते लांबवीत आहेत, असा त्याचा आशय होता. हे निवेदन ब्रिटिश संसदेतही वाचले गेले. कोर्ट मार्शल होऊ नये म्हणून त्याचा मित्र रॉबर्ट ग्रेव्हज याने खटपट केली आणि वैद्यकीय मंडळाने ससूनला आजारी ठरवले. 'रीजनरेशन'चा आरंभ या निवेदनापासून होतो. एका शहाण्या माणसाला वेडा ठरवण्यात आले आहे आणि त्याला 'बरा' करणे हे रिव्हर्सचे काम आहे. बरा करणे म्हणजे पुन्हा युद्धावर जाण्यास तयार करणे.

कादंबरीतील नैतिक पेच इतका साधा मांडता येतो. पण त्याची उकल साधी नाही. रिव्हर्स दुष्ट नाही, आंधळाही नाही. युद्ध शेवटापर्यंत लढले पाहिजे असे तो सुरुवातीला मानतो. ससूनशी बोलता बोलता ही खात्री डळमळू लागते. ससूनचे मन वळावे म्हणून तो दडपण आणीत नाही, खोटे बोलत नाही. तो फक्त ऐकतो. आणि नेमक्या या ऐकण्यामुळेच ससून परत जाण्यास तयार होतो. आपल्या तुकडीतील माणसे तिकडे मरत असताना आपण येथे सुरक्षित आहोत, ही जाणीव त्याला सहन होत नाही. युद्धाविषयीचे मत तसूभरही न बदलता तो युद्धावर जाण्याचे ठरवतो. नोव्हेंबर १९१७ मध्ये मंडळ त्याला सेवेस योग्य ठरवते. निरोगी मनाने दिलेला हा निर्णय आहे काय, की हाच त्याचा खरा आजार आहे, हे रिव्हर्सला सांगता येत नाही. कागदावर मात्र त्याला नोंद करावीच लागते.

भारतीय वाचकाच्या मनात येथे एक जुना प्रसंग उभा राहिल्याशिवाय राहणार नाही. शस्त्र खाली ठेवलेल्या योद्ध्याला बोलून बोलून पुन्हा उभे करणे, ही गीतेची मूळ नाट्यस्थिती आहे. परंतु दोन्ही प्रसंगांतील साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. अर्जुन स्वजनांसाठी धनुष्य टाकतो. ससून स्वजनांसाठी शस्त्र पुन्हा हाती घेतो. अर्जुनाचे स्वजन समोरच्या बाजूला उभे आहेत, ससूनचे त्याच्या मागे. दुसरा भेद उपदेशकाचा. श्रीकृष्णाला भूत आणि भविष्य ठाऊक आहे, आणि रणात तो स्वतः अर्जुनाच्या रथावर आहे. रिव्हर्सपाशी ना ते ज्ञान आहे, ना ते सारथ्य. तो पाठवतो आणि मागे राहतो. ज्याला परिणामांची खात्री नाही आणि ज्याच्या वाट्याला परिणाम येणारही नाहीत, अशा माणसाने दुसऱ्याला कर्तव्याकडे वळवावे का? आधुनिक जगात बहुतेक सर्व 'पाठवणारे' याच जागी उभे असतात. रिव्हर्सचे वेगळेपण इतकेच, की आपण कोठे उभे आहोत हे त्याला दिसते.

३

हे दिसणे कादंबरीच्या अखेरीस एका भीषण प्रसंगातून येते. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात डॉ. लुइस येलंड हे विजेच्या झटक्यांनी रुग्ण बरे करीत असत. ही व्यक्तीही ऐतिहासिक आहे. कॅलन नावाच्या, वाचा गेलेल्या शिपायावरील उपचार रिव्हर्स पाहतो. दार बंद केले जाते; बोलल्याशिवाय येथून सुटका नाही, असे रुग्णाला सांगितले जाते; घशाशी विजेची अग्रे लावली जातात. काही तासांनी कॅलन बोलू लागतो. त्याने आभार मानावेत, अशीही अपेक्षा असते.

येलंडची क्रूरता आणि रिव्हर्सची सहृदयता असा ढोबळ विरोध उभा करून एखादा सामान्य लेखक येथे थांबला असता, आणि वाचकही सहृदय डॉक्टरच्या बाजूला उभा राहून निश्चिंत झाला असता. बार्कर तसे करीत नाहीत. त्या रात्री रिव्हर्सला स्वप्न पडते. त्यात तो स्वतःच कोणाच्या तरी तोंडात काहीतरी बळजबरीने सारतो आहे. जागा झाल्यावर तो स्वप्नाचा अर्थ लावतो, आणि तो अर्थ त्याच्याच विरुद्ध जातो. वाचा जाणे, हात लुळा पडणे, तोतरेपण येणे ही केवळ लक्षणे नव्हती. ज्यांना नकार देण्याची मुभा नव्हती त्यांच्या शरीराने दिलेला तो नकार होता. येलंड हा नकार विजेने मोडून काढतो, रिव्हर्स तो समजुतीने विरघळवतो. एक बोलायला लावून गप्प करतो, दुसरा ऐकून गप्प करतो. शेवटी दोघांचेही रुग्ण त्याच खंदकात जातात.

दोन्ही पद्धती सारख्याच, असे येथे सुचवले आहे का? तसे मानणे चूक होईल. वेदना देणे आणि वेदना ऐकणे यांतील अंतर खरे आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने ते अपार आहे. कादंबरी हे अंतर कोठेही पुसत नाही. ती इतकेच दाखवते, की साधनाची शुद्धता साध्याविषयीचा प्रश्न मिटवीत नाही. साधनशुचितेचा आग्रह धरणाऱ्या भारतीय नैतिक विचारालाही ही दुसरी बाजू तपासून पाहण्यासारखी आहे. अशुद्ध साधनाने साध्य भ्रष्ट होते हे खरे. पण शुद्ध साधन भ्रष्ट साध्याला प्रतिष्ठा मिळवून देते, हेही तितकेच खरे. क्रेगलॉकहार्टसारखी रुग्णालये होती म्हणून युद्ध अधिक मानवी झाले, की म्हणूनच ते अधिक काळ चालू शकले, या प्रश्नाचे उत्तर कादंबरी देत नाही.

याच कादंबरीतील एक छोटा प्रसंग येथे जोडून पाहण्यासारखा आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणारी सेरा लंब ही तरुणी एका रुग्णालयात वाट चुकून मागच्या बाजूला जाते. तेथे हातपाय तुटलेल्या सैनिकांना लोकांच्या नजरेआड ठेवलेले असते. तिच्या नजरेत काय उमटते याकडे ते भयाने पाहत आहेत, हे तिला जाणवते. ही किंमत मागणाऱ्या समाजाने निदान ती डोळ्यांनी पाहण्याची तयारी ठेवावी, असा विचार तिच्या मनात येतो. सेरा स्वतः तोफगोळे तयार करून पोट भरते, हे बार्कर विसरू देत नाहीत. पाहणारी आणि पुरवठा करणारी एकच आहे.

४

दुसऱ्या कादंबरीत हा प्रश्न रुग्णालयातून समाजात येतो. 'द आय इन द डोअर'चा काळ १९१८ चा वसंत ऋतू आणि उन्हाळा. युद्ध हातचे जाते की काय, या भयाने ग्रासलेल्या इंग्लंडमध्ये शत्रूंचा शोध घरातच सुरू झाला आहे. शांततावादी, संपकरी कामगार, समलिंगी पुरुष या सर्वांवर पाळत आहे. खासदार पेंबर्टन बिलिंग यांनी सत्तेचाळीस हजार 'भ्रष्ट' इंग्रजांची यादी जर्मनांकडे असल्याचा दावा केला आणि त्या वर्षी त्यांच्यावर चाललेला बदनामीचा खटला गाजला, ही इतिहासातील घटना कादंबरीच्या पार्श्वभूमीला आहे. पंतप्रधानांच्या हत्येच्या कटाचा आरोप ठेवून १९१७ साली ॲलिस व्हील्डन या शांततावादी स्त्रीला दहा वर्षांची शिक्षा झाली होती. कादंबरीतील बीटी रोपर तिच्यावर बेतलेली आहे. तिच्या कोठडीच्या दारावरील टेहळणीच्या छिद्राभोवती डोळा रंगवलेला आहे. शीर्षक त्यावरून आले.

या कादंबरीचा नायक बिली प्रायर हा बार्कर यांनी कल्पनेतून निर्माण केलेला माणूस आहे, आणि त्रयीतील सर्वांत जिवंत व्यक्तिरेखाही तीच आहे. कामगार वस्तीत वाढलेला, पण अधिकारी झालेला. पुरुष आणि स्त्रिया दोघांकडे ओढ असलेला. दमेकरी, बोचऱ्या जिभेचा, कोणत्याही गटात न मावणारा. रिव्हर्सला तोच खरा प्रतिस्पर्धी भेटतो. इतर रुग्ण उत्तरे देतात, प्रायर उलट प्रश्न विचारतो. शिपायांची वाचा जाते आणि अधिकारी तोतरे होतात, असे रिव्हर्स सांगतो तेव्हा, स्वतः तोतरे बोलणाऱ्या डॉक्टरला तो या निरीक्षणाचा आरसा दाखवतो.

प्रायर आता गुप्तवार्ता विभागात नोकरी करतो, आणि ज्यांच्यावर पाळत ठेवायची ती त्याच्या लहानपणच्या गल्लीतली माणसे आहेत. बीटीने त्याला लहानपणी सांभाळलेले. फरारी शांततावादी मॅक त्याचा बालमित्र. या ताणाखाली प्रायरचे मन दुभंगते. काही तास त्याच्या स्मृतीतून पुसले जातात. त्या तासांत त्याचे दुसरे रूप वावरत असते. मॅक पकडला जातो, आणि त्याला पकडून देणारा आपणच होतो, हे प्रायरला नंतर कळते.

येथे नीतिशास्त्रातील एक अवघड प्रश्न कथारूपात समोर येतो. जे कृत्य माणसाला आठवत नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावर आहे का? मनोविकाराच्या भाषेत प्रायरची सुटका करता येईल. रिव्हर्स त्याला दुभंगाचे मूळ शोधायला मदत करतो आणि उपचार म्हणून तो यशस्वीही होतो. पण प्रायर स्पष्टीकरणालाच क्षमा मानायला तयार होत नाही. दुभंग का झाला हे कळल्याने मॅक तुरुंगातून बाहेर येणार नसतो. बार्कर यांनी दुभंगाचे हे सूत्र प्रायरपुरते ठेवलेले नाही. सैनिक, डॉक्टर, अधिकारी, कारखान्यातील स्त्री हे सारेच दिवसाच्या एका भागात काय करतो ते दुसऱ्या भागात विसरून जगत असतात. प्रायरचे विस्मरण आजार ठरले, इतरांचे शिस्त ठरले, एवढाच फरक.

५

'द घोस्ट रोड' या तिसऱ्या कादंबरीत कथानक दोन प्रवाहांनी वाहते. प्रायर पुन्हा फ्रान्सला जातो. त्याच्या रोजनिशीतून युद्धाचे अखेरचे महिने दिसतात. इकडे लंडनमध्ये आजारपणाच्या ग्लानीत रिव्हर्सला दहा वर्षांपूर्वीचे दिवस आठवतात. १९०८ साली त्याने सॉलोमन बेटांपैकी एडिस्टन या बेटावर मानववंशशास्त्रीय संशोधन केले होते.

या बेटावर ब्रिटिश सत्तेने शिरच्छेदाच्या मोहिमांवर बंदी घातलेली होती. मोहिमा थांबल्या आणि त्यांच्याभोवती उभे असलेले सारे जीवन, नावा बांधणे, उत्सव, विधी, कोलमडले. लोकांची जगण्याची उमेदच मावळत चालली होती. रिव्हर्स यांनी मेलानेशियातील लोकसंख्येच्या ऱ्हासावर पुढे संपादित केलेल्या १९२२ च्या पुस्तकात या मानसिक कारणाचा विचार आहे. कादंबरीत याला निराळी धार येते. शेकड्यांनी होणारा नरसंहार रानटी ठरवून बंद करणारी सत्ता दहा वर्षांनी लाखोंचा संहार संस्कृतीच्या नावाने करीत असते. तरीही बार्कर बेटावरील हिंसेचे गोडवे गात नाहीत. मृत प्रमुखाची विधवा काळोख्या जागेत कोंडून घेतलेली आहे आणि तिची सुटका दुसऱ्याच्या शिरावर अवलंबून आहे, हे चित्र त्या कोठेही सौम्य करीत नाहीत. हिंसेवाचून ज्याला अर्थ उरत नाही असे जीवन दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी ते अभ्यासाचा विषय होते, दुसऱ्या ठिकाणी देशभक्ती.

बेटावरील वैद्य न्जिरू हा रिव्हर्सचा खरा समव्यवसायी आहे. तोही आजारी माणसांवरची भुते उतरवतो, तोही ऐकतो, तोही आपले ज्ञान एका मर्यादेपर्यंतच सांगतो. मानववंशशास्त्रज्ञाने बेटवासीयांना विचारलेले प्रश्न त्यांनीच उलटून त्याला विचारले, आणि त्याची उत्तरे ऐकून ते हसले, हा 'रीजनरेशन'मध्ये येऊन गेलेला प्रसंग येथे पुन्हा अर्थपूर्ण होतो. आपली मोजपट्टी हीच एकमेव नाही, याचा त्या हसण्याने रिव्हर्सला झालेला बोध त्याला मुक्त करणारा होता. युद्धाने मात्र ही मुक्ती हिरावून घेतली, कारण सर्व मोजपट्ट्या सापेक्ष आहेत असे म्हणून सैनिकाच्या खाटेपाशी बसता येत नाही.

ती खाट हॅलेट या तरुण अधिकाऱ्याची आहे. गोळीने त्याचा अर्धा चेहरा नेलेला आहे. भोवती आईवडील, भाऊ आणि वाग्दत्त वधू बसलेली आहेत. मरता मरता तो काही अस्पष्ट ध्वनी पुनःपुन्हा काढतो. त्याचा अर्थ फक्त रिव्हर्सला लागतो : हे सारे या किमतीचे नव्हते, असे तो म्हणतो आहे. सैन्यात अधिकारी असलेला बाप ते नाकारतो. वॉर्डातील इतर जखमी मात्र तोच अस्फुट घोष उचलून धरतात. पहिल्या कादंबरीत रुग्णाचा नकार विरघळवणारा रिव्हर्स तिसरीत त्या नकाराचा दुभाषी झाला आहे. त्रयीतील सारे परिवर्तन या एका गोष्टीत आहे. त्याने युद्ध थांबत नाही आणि हॅलेट वाचत नाही.

त्याच सुमारास, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, साम्ब्र-वाझ कालवा ओलांडताना कवी विल्फ्रेड ओवेन मारला जातो. कादंबरीत प्रायरही तेथेच पडतो. क्रेगलॉकहार्टमध्ये ससूनच्या सहवासात ओवेनची कविता घडली होती; तोही तेथून 'बरा' होऊनच गेला होता. युद्धविरामाला तेव्हा फक्त एक आठवडा उरला होता, आणि ओवेनच्या मृत्यूची तार त्याच्या आईला मिळाली ती युद्धविरामाच्याच दिवशी.

पुत्राच्या बळीचे सूत्र त्रयीत आरंभापासून आहे. 'रीजनरेशन'मध्ये रिव्हर्स चर्चमधील रंगीत काचेवर अब्राहाम आणि इसहाक यांचे चित्र पाहतो आणि बापांनी मुलांशी केलेल्या जुन्या कराराचा विचार करतो : आज तुम्ही आमच्या आज्ञेत राहा, उद्या सारे तुमचेच आहे. मराठी मनाला येथे श्रियाळ-चांगुणेचा चिलया आठवावा. इसहाकाच्या जागी मेंढा येतो, चिलया हाक मारताच परत येतो. दोन्ही कथांत देव अखेरीस बळी परत करतो, म्हणूनच त्या श्रद्धेच्या कथा होऊ शकतात. युद्धात मुले परत येत नाहीत आणि बाप तरीही श्रद्धेची भाषा सोडत नाहीत. हॅलेटचा बाप ढोंगी नाही. मुलाचे म्हणणे मान्य केले तर त्याच्यापाशी काहीच उरत नाही.

६

या त्रयीवर घेता येण्याजोगा एक गंभीर आक्षेप असा : ज्यांनी संमती दिली नाही अशा मृत व्यक्तींच्या मनात शिरण्याचा लेखिकेला अधिकार काय? रिव्हर्सची स्वप्ने, ससूनची एकांतातील भीती हे सारे कल्पित आहे. शिवाय वर्ग, लिंगभाव आणि लैंगिकता यांविषयीची विसाव्या शतकाच्या अखेरची जाण या माणसांवर लादली आहे, असेही म्हणता येते.

आक्षेपाचा दुसरा भाग अंशतः खरा आहे. प्रायर कधीकधी आपल्या काळापेक्षा लेखिकेच्या काळाशी अधिक बोलतो. पण पहिल्या भागाचे उत्तर त्रयीच्या रचनेतच आहे. स्कॉटच्या कादंबऱ्यांचे विवेचन करताना जॉर्ज लुकाच यांनी दाखवले होते, की तेथे कल्पित, मध्यम कुवतीचा नायक केंद्रात असतो आणि इतिहासातील थोर व्यक्ती कडेला. बार्कर यांनी ऐतिहासिक व्यक्तींना केंद्रात आणले. परंतु त्यांच्या समोर प्रायरसारखा कल्पित प्रश्नकर्ता बसवला. दस्तऐवजात ज्याला जागा नाही, तो दस्तऐवजात असलेल्यांची उलटतपासणी करतो. ससून आणि ओवेन यांनी आपले म्हणणे स्वतः लिहून ठेवले. शिपायांपैकी बहुतेकांना ती सोय नव्हती. कॅलनची ओळख उरते ती त्याचा घसा भाजणाऱ्याच्या नोंदीत.

मराठी ऐतिहासिक कादंबरीची परंपरा समृद्ध आहे. रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) किंवा विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) यांनी वाचकांच्या पिढ्यांना इतिहासाशी जोडले. तेथे वाचकाचे नाते प्रामुख्याने स्वकीय नायकाशी जडते. पराभव झाला तरी तो आपला पराभव असतो, आणि त्याच्या दुःखात अभिमान मिसळलेला असतो. बार्कर अभिमानाची ही वाट बंद करतात. त्यांच्या त्रयीत इंग्लंड जिंकते, आणि विजयाचा आनंद मानायला कोणी जागेवर नसते.

आणि तरीही या त्रयीच्या आवाक्याबाहेर पुष्कळ काही राहते, हे भारतीय वाचकाने नोंदवलेच पाहिजे. या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी पाठवले गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कूत येथे शरण गेलेल्या फौजेचे नाव सहावी पुणे डिव्हिजन असे होते, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. फ्रान्समधील भारतीय शिपाई लेखनिकाकडून पत्रे लिहवून घेत आणि ती लष्करी सेन्सॉरच्या नजरेखालून जात. दारातला डोळा त्यांच्याही पत्रावर होता. त्यांच्या बाजूने मुल्कराज आनंद यांनी 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' (१९४०) ही कादंबरी लिहिली. तीही एका त्रयीचाच मधला भाग आहे. तिचा नायक लालू हा कोणासाठी लढतो आहे, हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. बार्कर यांची त्रयी वाचून झाल्यावर आनंदांच्या कादंबरीकडे वळणे उपयुक्त ठरेल. ससूनला निवेदन लिहिता आले, ते संसदेत वाचले गेले, आणि शिक्षेऐवजी त्याला डॉक्टर मिळाला. युद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ज्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश लष्कराने गोळ्या घातल्या आणि ज्यांना २००६ साली मरणोत्तर माफी मिळाली, त्यांच्या वाट्याला रिव्हर्स आला नव्हता. ऐकून घेतले जाणे हीदेखील श्रेणीनुसार मिळणारी सवलत होती.

या तीन कादंबऱ्या क्रमाने आणि पूर्ण वाचाव्यात. पहिलीवर थांबणाऱ्याला एका उदार डॉक्टरची कथा वाचल्याचे समाधान मिळेल, आणि ते समाधान मोडण्यासाठीच पुढच्या दोन लिहिल्या गेल्या आहेत. तिसरीच्या अखेरीपर्यंत पोचलेला वाचक आपोआप रिव्हर्सच्या खुर्चीत जाऊन बसलेला असतो. त्यानेही सारे ऐकले आहे, सारे त्याला समजले आहे. प्रायरवर त्याचा जीव जडला आहे, आणि पान उलटून त्याला कालव्याकडे नेणाराही तोच आहे. समजून घेतल्याने माणूस त्या व्यवहारातून बाहेर पडत नाही, उलट तो त्यात सामील असल्याचे त्याला कळते. ही जाणीव सुखाची नसली, तरी युद्धाविषयीच्या कादंबरीकडून वाचकाला मिळू शकणारी ती एक प्रामाणिक गोष्ट आहे.